लिटरमागचे किलोमीटर : हर्णे–दापोली रस्त्याचा हिशेब

मोटारगाडीचे इंजिन गेल्या चाळीस वर्षांत जितके सुधारले तितके गाडीचे ॲव्हरेज, म्हणजे एका लिटर इंधनात तिने कापलेले अंतर, सुधारलेले नाही; आणि या दोहोंमधील तफावत नेमकी कोठे खर्ची पडली हे समजून घ्यायचे असेल, तर कारखान्याच्या माहितीपत्रकापेक्षा एकाच रस्त्यावर वर्षानुवर्षे धावणाऱ्या, तेथेच बिघडणाऱ्या आणि तेथेच दुरुस्त होणाऱ्या गाड्यांचा हिशेब अधिक उपयोगी पडतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील हर्णे बंदरापासून दापोलीपर्यंतचा रस्ता अशा हिशेबाला फार सोयीचा आहे, कारण हर्णे समुद्रसपाटीवर, सुवर्णदुर्गाच्या समोर वसलेले आहे, दापोली सुमारे आठशे फूट उंचीवर आहे, आणि मधल्या पंधरा-सोळा किलोमीटरांत आसूदच्या सुपारीच्या बागांजवळून जाणारा चढ, जांभ्याच्या कातळातून काढलेली वळणे, अरुंद मोऱ्या आणि समोरून एसटी आली की गाडी कडेला घेऊन थांबण्याच्या जागा, असे सर्व काही आहे. प्रस्तुत लेखकाच्या कामाची बहुतेक वर्षे याच रस्त्यावरच्या गाड्यांच्या दुरुस्तीत आणि मासळीच्या गाड्यांच्या इंधनाच्या वह्या ठेवण्यात गेली असून पुढील विवेचन त्या कामातून बनलेल्या मतांवर उभे आहे.

ॲव्हरेज काढण्याची या भागातील रीत साधी आहे. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा वहीत लिहायचा, गाडी नेहमीसारखी चालवायची आणि पुन्हा टाकी काठोकाठ भरताना किती लिटर लागले ते पाहून मधल्या किलोमीटरांना त्या लिटरांनी भागायचे. एका वेळच्या भागाकारावर विसंबून राहता येत नाही, कारण पंपावर गाडी किंचित कलती उभी असली तरी टाकीत अर्धा-पाऊण लिटर कमी-अधिक बसते. परंतु हीच नोंद पावसाळा, पर्यटनाचा हंगाम आणि मासळीचा हंगाम धरून वर्षभर ठेवली, तर गाडीच्या प्रकृतीविषयी आणि चालकाच्या हाताविषयी तिच्याइतके खरे दुसरे कोणी बोलत नाही. वह्यांवरून सर्वांत आधी जे ध्यानात येते ते हे की एकाच बनावटीच्या, एकाच वर्षी घेतलेल्या दोन गाड्यांमध्ये लिटरमागे दोन-तीन किलोमीटरांचा फरक सहज पडतो, आणि त्यामागे बहुतेक वेळा इंजिन नसून चालकाचा पाय, टायरमधील हवा किंवा धरून राहिलेला ब्रेक असतो.

यांपैकी ब्रेकचे दुखणे बंदराच्या गावाला विशेष लागू आहे. मासळीच्या गाडीत पापलेट, सुरमई, कोळंबी बर्फात घालून क्रेट रचले जातात, बर्फ वितळतो, आणि मिठाचे ते पाणी हौद्याच्या फटींतून चाकांवर ठिबकत राहते. त्यात खारा वारा मिसळला की ब्रेकच्या ड्रमच्या आतील खिटी आणि चकतीच्या ब्रेकच्या कॅलिपरमधील पिना गंजतात, पाय काढल्यावरही ब्रेकचा गुटका पूर्णपणे मागे सरत नाही, आणि गाडी दिवसभर हलका ब्रेक दाबल्यासारखी ओढत चालते. चालकाची तक्रार मात्र ‘पिकअप राहिला नाही, डिझेल फार खाते’ अशी असते आणि तो नोझल काढून तपासायला सांगतो. अशा वेळी इंजिनाला हात लावण्यापूर्वी गाडी जॅकवर उचलून प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहावे लागते. निरोगी चाक एका झटक्यात दोन-तीन फेरे घेते, धरलेले चाक अर्ध्या फेऱ्यात थांबते. दापोलीहून नुकत्याच उतरलेल्या गाडीच्या चारही चाकांजवळ हाताचा पंजा नेला तर एखाद्याच चाकाची धग वेगळी जाणवते, आणि लिटरमागचे हरवलेले किलोमीटर त्या धगीत सापडतात. पिना घासून, वंगण भरून गाडी परत दिली की पुढच्या भरण्याला वहीतला आकडा वर चढलेला दिसतो, व त्यासाठी इंजिनातला एकही भाग बदलावा लागलेला नसतो.

चढाचा हिशेब स्वतंत्रपणे मांडण्याजोगा आहे. एक टन वजन आठशे फूट, म्हणजे सुमारे २४० मीटर वर न्यायला जवळपास २३ लाख ज्यूल काम करावे लागते. ज्यूल हे उष्णता आणि काम या दोन्हींचे एकक आहे. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२० लाख ज्यूल उष्णता असते, पण गाडीच्या चाकापर्यंत त्यातील पाव भाग पोहोचला तरी इंजिन चांगले चालले असे म्हणावे लागते, कारण उरलेली उष्णता रेडिएटरमधून, सायलेन्सरमधून आणि अंतर्गत घर्षणातून वाया जाते. याचा अर्थ असा की आसूदचा चढ चढून दापोली गाठायला, सपाट रस्त्यावर लागले असते त्यापेक्षा, प्रत्येक टनामागे पाव लिटरहून थोडे अधिक पेट्रोल जास्त लागते. मासळीच्या गाड्यांचे दुर्दैव असे की त्या भरून वर जातात आणि रिकाम्या खाली येतात. बंदरात उलट असते तर, म्हणजे माल दापोलीहून हर्ण्याला उतरवायचा असता तर, त्याच गाडीचे ॲव्हरेज निश्चितपणे वाढले असते. कोणत्याही गाडीच्या इंधनक्षमतेविषयी बोलताना ती कोठे, किती वजन घेऊन आणि कोणत्या दिशेने धावते हे सांगितल्यावाचून आकड्याला अर्थ येत नाही, हा धडा या रस्त्याने दिला.

इंजिन खरोखर किती सुधारले हे ज्याने कार्बोरेटरच्या काळात हात काळे केले त्यालाच पुरते उमगते. कार्बोरेटर म्हणजे इंजिनात ओढल्या जाणाऱ्या हवेच्या झोताने पितळी जेटच्या बारीक छिद्रातून पेट्रोल उचलून त्या हवेत मिसळणारे उपकरण. त्याला डोंगर, दमट हवा, थंड सकाळ किंवा जुना फिल्टर यांतले काही कळत नसे, आणि म्हणून मिश्रण बहुतेक वेळा गरजेपेक्षा अधिक पेट्रोलाचे ठेवावे लागे. प्रीमियर पद्मिनीचा प्लग खोलला की त्याच्या टोकाचा रंग पाहून निदान होत असे: काजळी असली तर पेट्रोल जास्त, पांढुरके टोक असले तर कमी, आणि फिकट तपकिरी असले तर बरोबर. पावसाळ्यात हर्ण्याच्या हवेने डिस्ट्रिब्यूटरमधील कॉन्टॅक्ट पॉइंटवर हिरवट-करडा थर चढे, ठिणगी कमजोर पडे, पेट्रोल अर्धवट जळे. मग पॉइंट पॉलिश पेपरने घासून, पातळ पट्टीने फट मोजून, स्क्रू आवळताना फट पुन्हा हलत नाही ना हे दोनदा पाहून गाडी सोडावी लागे. गणपतीत मुंबईहून गावी आलेल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या रांगेत हे काम रात्री उशिरापर्यंत चाले. त्या पद्मिनी लिटरला दहा-बारा किलोमीटर देत, आणि त्यांचे मालक त्यावर समाधानी असत. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून पूर्णपणे हटली. कार्बोरेटर नव्या मोटारींतून त्याच्या वीस-बावीस वर्षे आधीच गेला होता.

त्याच्या जागी आलेली इंधन फवारणीची पद्धत, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र फवारा आणि तो कधी, किती उघडायचा हे ठरवणारा लहानसा संगणक, ही मोटारीच्या इतिहासातील फार मोठी सुधारणा होय. धुराच्या नळीतील प्राणवायू मोजणारा संवेदक मिश्रणाची दर क्षणी तपासणी करतो, आणि हवा सुमारे पावणेपंधरा भाग व पेट्रोल एक भाग या वजनी प्रमाणावर इंजिन टिकून राहते. मारुती ८०० मध्ये ही पद्धत २००० च्या सुमारास आली. त्याच काळात शिसेविरहित आणि अधिक चांगल्या ऑक्टेनचे पेट्रोल सर्वत्र मिळू लागले. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली वेळेआधी भडका न घेण्याची इंधनाची क्षमता. ती वाढल्यामुळे इंजिनाचे दाबगुणोत्तर, म्हणजे पिस्टन मिश्रणाला किती पट दाबतो ते प्रमाण, सात-आठावरून दहा-अकराच्याही वर नेता आले, आणि दाब जितका अधिक तितका उष्णतेचा अधिक हिस्सा कामात उतरतो हा इंजिनाचा मूलभूत नियम आहे. वाल्व्हच्या वेळा वेगाप्रमाणे बदलणे, पातळ तेलाने घर्षण घटवणे, पाच-सहा गिअर देणे ही त्यामागोमागची पावले होत. डिझेलच्या बाजूला जुन्या जीपमधील यांत्रिक पंप जाऊन कॉमन रेल आली, म्हणजे एका सामाईक नळीत अतिउच्च दाबाने डिझेल साठवून ते विजेच्या इशाऱ्यावर थेंबाथेंबाने सोडण्याची व्यवस्था. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात बनलेले १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन या पद्धतीचे उत्तम उदाहरण होते आणि ते बसवलेल्या लहान मोटारी याच चढावर लिटरला अठरा-एकोणीस किलोमीटर सहज देत.

या सुधारणेचा एक परिणाम चालकांच्या ध्यानात अजून पुरता उतरलेला नाही. दापोलीहून हर्ण्याकडे उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडून इंधन वाचवण्याची सवय या भागात जुनी आहे. कार्बोरेटरच्या गाडीत तिला थोडाफार आधार होता, कारण गिअरमध्ये उतरतानाही जेटमधून पेट्रोल ओढले जातच असे. फवारणीच्या गाडीत गिअर टाकलेला ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक इंधन पूर्णपणे बंद करतो आणि चाकेच इंजिनाला फिरवत ठेवतात. उलट न्यूट्रलमध्ये टाकल्यावर इंजिन चालू राहावे म्हणून त्याला इंधन द्यावे लागते. म्हणजे जी सवय पैसा वाचवण्यासाठी जपली जाते ती आता पैसा आणि ब्रेक दोन्ही झिजवते, आणि वळणावर गाडी हाताबाहेर जाण्याचा धोका निराळाच. ही गोष्ट चालक परवाना देताना शिकवली गेली तर घाटरस्त्यांच्या कोकणात त्याचा लाभ फार मोठा होईल.

इतके सारे होऊनही वहीतला आकडा का चढला नाही, हा मूळ प्रश्न आहे. १९८३ च्या डिसेंबरात बाजारात आलेली मारुती ८०० ही साडेसहाशे किलोंच्या आसपास वजनाची, ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरांची आणि चाळीसहून कमी अश्वशक्तीची गाडी होती. कार्बोरेटर असतानाही ती हर्णे–दापोली रस्त्यावर लिटरला सोळाच्या आसपास पडत असे. आज तेथेच धावणारी चार मीटरच्या आतील उंच बांध्याची पेट्रोल गाडी अकराशे-बाराशे किलोंची असते, तिची शक्ती शंभर अश्वशक्तींच्या घरात असते, आणि तीच वही तिच्यासाठी चौदा-पंधरा हा आकडा दाखवते. वरवर पाहता ही पीछेहाट आहे. पण एक लिटर पेट्रोलने किती टन वजन किती किलोमीटर नेले, असा गुणाकार केला तर जुन्या मारुतीचा आकडा दहाच्या थोडा वर आणि नव्या गाडीचा जवळपास सतरा येतो. इंजिनाने आपले काम चोख केले. त्याने मिळवलेली वाढ रस्त्याच्या लांबीत न जाता गाडीच्या अंगावर गेली.

हा अनुभव एकट्या हर्ण्याचा नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर निटेल यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८० ते २००६ या काळातील अमेरिकी गाड्या तपासल्या, तेव्हा सरासरी इंधनक्षमता जेमतेम १५ टक्क्यांनी वाढल्याचे, वजन सव्वापट आणि अश्वशक्ती सुमारे दुप्पट झाल्याचे दिसून आले. वजन आणि शक्ती १९८० च्याच पातळीवर ठेवली असती तर तेवढ्याच तंत्रज्ञानातून जवळपास ६० टक्के वाढ मिळाली असती, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वरच्या टन-किलोमीटरांच्या साध्या गुणाकारातून निघणारे प्रमाणही जवळपास तेवढेच येते. दोन्ही हिशेबांच्या रीती वेगळ्या असल्याने हा मेळ पुरावा म्हणून पुढे करता येणार नाही, परंतु दिशा एकच आहे.

वाढलेल्या वजनाची सरसकट निंदा करणे अन्यायाचे ठरेल. त्यातील काही भाग माणसे वाचवण्यासाठी आला आहे: दाराच्या आतील पोलादी तुळया, टक्कर शोषून घेणारी पुढची चौकट, हवेच्या पिशव्या आणि चाके न अडकू देणारे ब्रेक या गोष्टी २०१७ ते २०२१ या वर्षांत टप्प्याटप्प्याने सक्तीच्या झाल्या, आणि या वळणांवर झालेल्या अपघातांतील जुन्या गाड्यांचे चेपलेले पत्रे ज्याने सरळ केले आहेत त्याला त्या किलोंचा हिशेब काढावासा वाटणार नाही. धुराचेही तसेच आहे. भारत स्टेज या नावाच्या प्रदूषणमर्यादा २००० पासून कडक होत गेल्या, १ एप्रिल २०२० रोजी देशभर सहावा टप्पा लागू झाला, आणि डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी गाळणी बसवावी लागली. ही गाळणी स्वच्छ होण्यासाठी अधूनमधून जास्तीचे डिझेल जाळून तापावी लागते, आणि हर्णे–दापोलीसारख्या तोकड्या फेऱ्यांत ती पुरेशी तापतच नाही; मग दिवा लागतो, गाडी गॅरेजला येते आणि मालक नव्या गाडीला दोष देतो. ॲव्हरेज थोडे घटले हे खरे, पण चढावर जीपच्या मागे काळ्या धुरात चालणारी शाळेची मुले आता तशी चालत नाहीत, हेही तितकेच खरे. महागड्या धूरशुद्धीमुळे लहान डिझेल इंजिने परवडेनाशी झाली आणि रांजणगावचे ते इंजिनही २०२० मध्येच थांबले, ही या व्यवहारातली खरी हानी होय.

वजनाचा उरलेला भाग मात्र निव्वळ हौसेचा आहे. उंच बांध्याची गाडी वाऱ्याला अधिक छाती देते, आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ६० वरून ८० वर गेले की तो पावणेदोन पटींहून अधिक होतो. संध्याकाळच्या लिलावात घेतलेली मासळी पहाटेपर्यंत मुंबईच्या बाजारात पोहोचवण्यासाठी रात्री महामार्गावर धावणारी गाडी हा दंड नाइलाजाने भरते. पर्यटकाच्या गाडीला तसा काही नाइलाज नसतो. २०२३-२४ मध्ये देशात विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांपैकी निम्म्याहून अधिक वाहने युटिलिटी या, म्हणजे बहुतांशी उंच आणि जड वर्गातील होती, तर मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये आणि टाटा नॅनोचे २०१८ मध्ये थांबले.

विक्रेता दाखवतो तो आकडा आणि रस्त्यावर मिळणारा आकडा यांतील फरकाविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत, कारण गॅरेजमधील निम्मी भांडणे त्यावरून होतात. अधिकृत आकडा पुण्याच्या एआरएआय, म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मोटार संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी, गाडी फिरत्या रुळांवर ठेवून ठरावीक वेगचक्रात चालवून काढला जातो. त्या चक्रात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो, वातानुकूलन बंद असते आणि चढ नसतो. ही चाचणी एका गाडीची दुसरीशी तुलना करण्यासाठी आहे व त्या कामाला ती योग्य आहे, पण मे महिन्यात एसी लावून, पाच माणसे आणि आंब्याच्या पेट्या घेऊन आसूदचा चढ चढणाऱ्या गाडीने तोच आकडा द्यावा ही अपेक्षा चाचणीकडून तिच्या आवाक्याबाहेरचे मागणारी आहे. त्यात अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले आहे. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच उष्णता असते, त्यामुळे मिश्रणाची उष्णता सातेक टक्क्यांनी कमी भरते. २०२१ च्या नीती आयोगाच्या आराखड्यातही जुन्या चारचाकी गाड्यांसाठी सहा ते सात टक्के घट गृहीत धरलेली आहे. यामागे ऊस आणि धान्य उत्पादकांचे व परकीय चलनाचे जे काही हित असेल ते असो. गाडीमालकाला पंपावर याची कल्पना देणे हे न्यायाचे झाले असते.

कायद्याने काय साधते याचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेत १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७५ च्या कायद्याने झाला: प्रत्येक उत्पादकाने विकलेल्या सर्व गाड्यांची सरासरी ठरावीक पातळीवर आणावी, असा त्याचा आशय होता आणि दहा वर्षांत त्याचा चांगला परिणाम दिसला. पुढे मोटारींची पातळी दीर्घकाळ तशीच राहिली, मालवाहू वर्गाला सैल मर्यादा असल्याने तोच बांधा घरगुती गाड्यांनी उचलला, आणि सुधारणा थांबली. भारतात २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरांहून कमी लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल व १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल मोटारींना अबकारी करात मोठी सवलत दिली. इंजिने लहान राहिली याचे बरेच श्रेय त्या निर्णयाला आहे. सरासरीची मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून आली. कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत ती आधी किलोमीटरमागे १३० ग्रॅम व २०२२-२३ पासून ११३ ग्रॅम आहे, म्हणजे पेट्रोलच्या गाडीसाठी अनुक्रमे अठरा आणि एकवीस किलोमीटरांच्या आसपास. परंतु या मर्यादेत गाडी जितकी जड तितकी सूट अधिक, असे सूत्र आहे. ज्या गोष्टीने इंजिनाची कमाई खाल्ली तिलाच कायदा सवलत देतो, हे प्रस्तुत लेखकाला या धोरणातील सर्वांत मोठे व्यंग वाटते.

हर्ण्यात हाच व्यवहार रस्त्यापेक्षाही स्पष्टपणे समुद्रावर पाहायला मिळतो, आणि तेथे तो अधिक दुःखद आहे. येथे नौका सिलिंडरच्या संख्येवरून ओळखली जाते, एक-दोन सिलिंडरची, तीन-चारची, सहाची. आणि या संख्येच्या चढत्या क्रमातच बंदराचा अलीकडचा इतिहास सामावलेला आहे. आजचे इंजिन त्याच अश्वशक्तीला जुन्यापेक्षा कमी डिझेल घेते. असे असूनही सफरीच्या खर्चात डिझेलचा वाटा सर्वांत मोठा राहिला आहे, कारण मासळी किनाऱ्याजवळ मिळेनाशी झाली, नौका अधिक लांब जाऊ लागल्या, लांब जायचे तर बर्फ आणि डिझेल अधिक न्यावे लागते, ते नेण्यासाठी नौका मोठी हवी, आणि मोठ्या नौकेने वेळेत लिलाव गाठायचा तर सिलिंडर अधिक हवेत. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅनले जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये दगडी कोळशाविषयी लिहिताना दाखवून दिले होते की यंत्र काटकसरी झाले की कोळशाचा एकूण वापर घटण्याऐवजी वाढतो, कारण स्वस्त झालेल्या शक्तीला नवी कामे सापडतात. हर्ण्याच्या नाखव्याला हे पुस्तकातून कळण्याची गरज नाही.

पाण्याचा नियम हवेपेक्षा कठोर आहे. नौकेला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून सहा नॉटवरून आठ नॉटवर जाताना (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर) ती दुपटीहून बरीच पुढे जाते आणि प्रत्येक मैलाला लागणारे डिझेल पावणेदोन पटींहून अधिक होते. अनुभवी तांडेल हा हिशेब आकड्यांत मांडत नाही, पण परतीच्या वाटेवर कोणत्या आवाजाला इंजिन ठेवावे हे त्याला ठाऊक असते. उशीर झाला आणि भाव पडण्याची भीती असली तरच तो हात पुढे रेटतो. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात नौका वर ओढल्या जातात, तेव्हा बुडाला धरलेले शेवाळ आणि शिंपले खरवडून रंग दिला जातो, पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची, वाकलेली कड सरळ केली जाते. ऑगस्टमधल्या पहिल्या सफरींना त्याच इंजिनाला डिझेल कमी लागते, आणि पुढे हिवाळा संपेपर्यंत ते हळूहळू वाढत जाते, हे डिझेलच्या पावत्यांवरून दिसते. कोचीच्या केंद्रीय मत्स्यतंत्रज्ञान संस्थेने २०१६ मध्ये ‘सागर हरिता’ ही नौका पाण्यात उतरवली, तिच्यात बुडाचा आकार सुधारण्याबरोबर डेक आणि केबिनचे वजन कमी करण्यावर भर होता. म्हणजे समुद्रावरही संशोधकांना इंजिनाइतकेच वजनाकडे वळावे लागले.

जड गाडीलाही या चढउतारावर काही परत मिळवून देणारे तंत्र आता उपलब्ध झाले आहे. संकरित, म्हणजे हायब्रिड गाडी उतारावर आणि ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती विजेच्या रूपाने बॅटरीत साठवते व चढावर ती इंजिनाच्या मदतीला देते; जपानमध्ये १९९७ मध्ये आलेले हे तंत्र २०२२ मध्ये मारुती व टोयोटा यांच्या मध्यम आकाराच्या गाड्यांत भारतात आले आणि त्यांचा अधिकृत आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. दापोलीहून उतरताना जुन्या गाडीत ब्रेकच्या ड्रममध्ये जळून जाणारी तीच धग येथे उपयोगी पडते. किंमत मात्र मासळीची गाडी चालवणाऱ्याच्या आवाक्यातली नाही, आणि लहान, हलक्या, स्वस्त गाडीत किंवा छोट्या मालवाहू टेम्पोत हे तंत्र आणण्याकडे उत्पादकांचे लक्ष नाही. खरी बचत तेथे आहे, कारण वर्षभरात सर्वाधिक किलोमीटर त्याच गाड्या कापतात.

म्हणून गाडी घ्यायला निघालेल्या वाचकाला एवढीच विनंती आहे की विक्रेत्याला ॲव्हरेज विचारण्याआधी गाडीचे रिकामे वजन विचारावे, आणि आपल्या घरातील माणसे, आपला माल व आपला रस्ता यांना त्यापैकी किती किलोंची खरोखर गरज आहे ते ठरवूनच पैसे मोजावेत.